अमेरिकेतले समुपदेशन अभ्यासक्रम आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी : नेमकं अडतं कुठे?

पिंपळपान

परदेशी शिक्षणाच्या धाग्यांवर समुपदेशनाच्या मास्टर्सबद्दल सारखी विचारणा होते आणि चर्चा फी, व्हिसा, लायसन्स यांपाशी थांबते. याच अभ्यासक्रमांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला काय येतं, हा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे. आपली मंडळी त्याच वर्गांत शिकतात, काही जण तिथे शिकवतात, सुपरव्हिजनही (विद्यार्थ्याच्या क्लायंटबरोबरच्या कामावर अनुभवी समुपदेशकाची देखरेख) करतात. म्हणून जाणकारांना विनंती, की मोघम लिहू नका. वंशभेद अभ्यासक्रमाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कागदातून आत शिरतो, ते लिहा.

आधी सांगाडा मांडते. केक्रेप ही १९८१ साली स्थापन झालेली, समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. तिच्या निकषांप्रमाणे मास्टर्स किमान ६० सेमिस्टर क्रेडिटचं. प्रॅक्टिकम (इंटर्नशिपआधीचा सराव) किमान १०० तासांचं, त्यातले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. इंटर्नशिप ६०० तासांची, त्यातले २४० तास प्रत्यक्ष. या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा त्रयी सुपरव्हिजन (एक सुपरवायझर, दोन विद्यार्थी) आणि सरासरी दीड तास गट सुपरव्हिजन.

या रचनेचा परिणाम असा, की लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही शेवटी दोन-तीन माणसांच्या मतावर पुढे जावं लागतं. 'अभिप्राय मोकळेपणाने स्वीकारतो का', 'भावनिक स्थैर्य आहे का' अशा रकान्यांत कोणीतरी आकडा भरतं. अडतं ते इथे.

व्यवसायाला हे नवीन नाही. समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना (आजची अमेरिकन समुपदेशन संघटना) १९५२ची. तिच्यात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य सदस्यांना स्वतःचा विभाग मिळायला १९७२ साल उजाडलं. त्याचं तेव्हाचं नावच 'गैरश्वेतांच्या प्रश्नांसाठीची संघटना' अशा अर्थाचं होतं. १९८५मध्ये ते बदलून बहुसांस्कृतिक समुपदेशन संघटना झालं, म्हणजे आजची एएमसीडी. थेल्मा डेली या कृष्णवर्णीय समुपदेशक १९७५-७६मध्ये मूळ संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. बहुसांस्कृतिक क्षमतांची पहिली सविस्तर यादी १९९२ची, सामाजिक न्यायासह सुधारलेली २०१५ची. कागद भरपूर आहेत. ते सुपरव्हिजनच्या बंद खोलीपर्यंत पोचतात का, हा या धाग्याचा प्रश्न.

---

रेवती_एस

चांगला धागा. सुपरव्हिजनपासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिथून फुटतं.

कॉन्स्टंटाईन आणि स्यू यांचा २००७चा अभ्यास यात पायाभूत मानला जातो. श्वेत सुपरवायझरांच्या हाताखालच्या १० कृष्णवर्णीय डॉक्टरेट विद्यार्थ्यांच्या मुलाखती आहेत. त्यातून सात प्रकार पुढे आले. वंशाचा विषय काढला की तो उडवून लावणं. कृष्णवर्णीय क्लायंटबद्दल ठोकळेबाज समज. तेच समज विद्यार्थ्याबद्दल. वंशद्वेष्टे ठरू या भीतीने अभिप्रायच न देणं. फक्त उणिवांवर बोट ठेवणं. दडपणुकीतून आलेल्या अडचणींचा दोष क्लायंटलाच देणं. आणि क्लायंटच्या संस्कृतीशी न जुळणारे उपचार सुचवणं.

यातले दोन प्रकार वरवर परस्परविरोधी दिसतात : अभिप्राय न देणं आणि फक्त उणिवा काढणं. प्रत्यक्षात ते एकापाठोपाठ येतात. सत्राच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत सुपरवायझर 'छान चाललंय' एवढंच म्हणतो. विद्यार्थ्याच्या क्लायंटबरोबरच्या भेटीचं रेकॉर्डिंग बघताना जे खटकलं ते बोलत नाही, कारण बोलणं अवघड वाटतं. ते साठत जातं. मध्यसत्राचा फॉर्म भरायची वेळ आली की सगळं एकदम बाहेर येतं, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की आपल्याबद्दल 'गंभीर चिंता' आहे. श्वेत विद्यार्थ्याला तीच उणीव तिसऱ्या आठवड्यात सहज सांगितली गेलेली असते आणि त्याने ती सुधारलेलीही असते. दोघांचं कौशल्य सारखं, पण एकाला सुधारायला वेळ मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत जास्त नुकसान करणारी एकच गोष्ट निवडायची तर ती ही.

यावर उपाय पहिल्या भेटीत होतो, मध्यसत्रात नाही. सुपरव्हिजन करार लेखी असतो. त्यात हे घालून घ्यायचं :

दर आठवड्याला रेकॉर्डिंगमधला एक ठरावीक भाग (१० मिनिटं पुरतात) आणि त्यावर एक जमलेली व एक सुधारायची गोष्ट, लेखी. दोन ओळी चालतील, पण तारखेसह. मूल्यमापनाचा रिकामा फॉर्म पहिल्याच दिवशी हातात. चौथ्या आठवड्यात त्याच फॉर्मवर अनौपचारिक फेरी, आकड्यांसह. आणि वंश, वर्ग, धर्म हे विषय सुपरव्हिजनमध्ये नियमित येतील आणि ते सुपरवायझर काढेल, असं एक स्पष्ट वाक्य. शेवटचं कलम महत्त्वाचं आहे. ते नसेल तर विषय काढण्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो आणि काढला की 'प्रत्येक गोष्टीत वंश आणते' हा शेरा तयार असतो.

---

घाटमाथा

एक शंका. क्लायंटचं नुकसान होऊ नये म्हणून अयोग्य विद्यार्थ्याला थांबवणं हे शिक्षकांचं कर्तव्यच आहे ना? गेटकीपिंग म्हणतात ते. प्रत्येक कडक शेऱ्यामागे वंश शोधला तर शिक्षक शेरा द्यायलाच घाबरतील आणि रेवती यांनी सांगितलेलं मौन आणखी वाढेल.

---

तळटीप

घाटमाथा, गेटकीपिंग हवंच, त्यावर वाद नाही. क्लायंट बहुतेक वेळा सगळ्यांत दुबळ्या स्थितीत असतो. प्रश्न असा, की थांबवण्याचा निर्णय निरीक्षणावर उभा आहे की विशेषणांवर. हे फॉर्म उघडून बघितल्यावरच कळतं.

अनेक विभागांत सीसीएस-आर नावाची मोजपट्टी वापरतात. एकूण २३ बाबी : १२ कौशल्यांच्या, ११ वृत्ती आणि वर्तनाच्या. प्रत्येकीला १ ते ५. कौशल्यांच्या बाबी रेकॉर्डिंगवर तपासता येतात. प्रश्न कसा विचारला, भावनेला प्रतिसाद दिला का, हे कोणीही परत बघू शकतं. वृत्तीच्या भागात अभिप्राय स्वीकारण्याची तयारी, भावनिक स्थैर्य आणि आत्मसंयम, लवचीकपणा, सच्चेपणा अशा बाबी येतात. गडबड या भागात होते. कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने शांतपणे असहमती दाखवली की 'बचावात्मक'. आवाज थोडा चढला की 'आक्रमक'. गप्प राहिली की 'सहभाग नाही'. तीनही वागण्यांना कमी गुण पडतात. एकाच विद्यार्थिनीच्या फॉर्मवर सत्रभरात असे उलटसुलट शेरे दिसले, तर तिथे मोजणाऱ्याची तपासणी व्हायला हवी.

उपाय साधा आहे : ३ किंवा त्याखालच्या प्रत्येक आकड्याला तारीख आणि दिसलेलं वर्तन लिहिणं सक्तीचं करा. आणि वृत्तीच्या बाबींसाठी दोन मूल्यमापकांनी एकमेकांचे आकडे न बघता गुण द्यावेत. दोन गुणांहून जास्त फरक पडला तर तो आकडा नोंदवण्याआधी चर्चा.

आता रेमेडिएशन प्लॅन, म्हणजे उणीव दिसलेल्या विद्यार्थ्याला दिलेली लेखी सुधारणा योजना. वाईट प्लॅनमधलं कलम असं असतं : 'विद्यार्थिनीने व्यावसायिक वर्तन सुधारावं आणि अभिप्रायाबद्दल मोकळेपणा दाखवावा.' हे कधी पूर्ण झालं, हे कोणालाच सांगता येणार नाही. चांगलं कलम असं : 'सहाव्या आणि आठव्या आठवड्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये आत्महत्येच्या जोखमीबद्दल थेट प्रश्न विचारले गेले नाहीत. पुढच्या चार आठवड्यांत तीन रेकॉर्डिंग सादर करावीत. प्रत्येकात योजना, साधन आणि आधीचे प्रयत्न यांची चौकशी दिसावी. तपासणारे : दोन शिक्षक. मदत : आठवड्याला अर्धा तास जादा सुपरव्हिजन.' वर्तन, पुरावा, मुदत, मदत, तपासणारा आणि पूर्ण न झाल्यास काय, या सहा गोष्टी नसतील तर सही करण्याआधी त्या लेखी मागाव्यात. सही म्हणजे 'मिळाला' की 'मान्य', हेही कागदावर लिहून घ्यावं.

अमेरिकन समुपदेशन संघटनेची २०१४ची आचारसंहिता यात विद्यार्थ्याच्या बाजूने उभी राहते. एफ.९ कलमांत मूल्यमापनाच्या अपेक्षा आणि वेळा प्रशिक्षणाआधी व दरम्यान स्पष्ट सांगणं, सुधारणेला मदत मिळवून देणं, निर्णयाची नोंद ठेवणं आणि वेळेत दाद मागता येणं, हे सगळं आहे. अर्ज करताना कलमाचा क्रमांक टाका.

---

ओवी

तळटीप यांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून एक अगदी बारीक पण खरी गोष्ट : कॅमेरा.

त्या मोजपट्टीवर देहबोलीलाही गुण असतात. प्रशिक्षण प्रयोगशाळेतल्या खोल्यांत कॅमेरा कोपऱ्यात, समोर खिडकी, आणि समुपदेशकाची खुर्ची बहुधा खिडकीला पाठ करून. कॅमेरा उजेडाप्रमाणे आपोआप जुळवून घेतो आणि मागून उजेड आला की गडद त्वचेचा चेहरा पार काळोखात जातो. भुवया, डोळ्यांच्या कडा, ओठांची हालचाल, काही दिसत नाही. मग शेरा येतो 'चेहऱ्यावर भाव नाहीत'. खुर्च्यांची अदलाबदल करायची, पडदा ओढायचा, समुपदेशकाच्या समोरच्या बाजूला दिवा ठेवायचा, आणि प्रत्येक भेटीआधी ३० सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग बघायचं. हे काम प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांचं आहे, विद्यार्थ्याचं नाही. पण ते होईपर्यंत विद्यार्थ्याने बघून घ्यावं.

दुसरा मुद्दा गटाच्या तासांचा. केक्रेपच्या निकषांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने एका सत्रात किमान १० तास छोट्या गटात सदस्य म्हणून भाग घ्यायचा असतो. वर्गात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी असेल तर हे १० तास फार जड जातात. वंशाचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडे बघतात, त्याने जखम उघडली की गट हेलावतो, बाकीच्यांना 'शिकल्याचं' समाधान मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक त्याचे वर्गमित्र. गट चालवणारा जर त्याला गुण देणाराच शिक्षक असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. आचारसंहितेच्या एफ.८ कलमात स्पष्ट आहे, की काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क विद्यार्थ्याचा. गट बाहेरच्या लायसन्सधारकाने चालवावा आणि शिक्षकाकडे फक्त हजेरी जावी, ही व्यवस्था अवघड नाही. विभागाने मनावर घ्यायला हवं.

बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या विषयातही हेच. बहुतेक ठिकाणी हा तीन क्रेडिटचा एकच विषय. त्यात श्वेत विद्यार्थ्यांना जागं करण्यावर इतका भर, की कृष्णवर्णीय विद्यार्थी फी भरून सहायक शिक्षक होतो. त्याला हवं ते प्रगत प्रशिक्षण, उदाहरणार्थ कृष्णवर्णीय समुपदेशक आणि श्वेत क्लायंट या जोडीत काय घडतं, बहुधा शिकवलंच जात नाही.

---

रेवती_एस

ओवी, शेवटच्या वाक्यावर थांबते कारण ते फार महत्त्वाचं आहे.

क्लायंटबरोबर वंशाचा विषय समुपदेशकाने स्वतः काढावा, याला या क्षेत्रात ब्रोचिंग म्हणतात. डे-व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये त्याच्या पाच पायऱ्या मांडल्या : विषय टाळणारे, एकदाच उरकून टाकणारे, काढणारे पण पुढे काय करायचं हे न कळणारे, कामात मुरवून घेणारे, आणि खोलीबाहेरही न्यायाची बाजू लावून धरणारे. वर्गात सराव मात्र बहुतेक वेळा श्वेत समुपदेशक आणि कृष्णवर्णीय क्लायंट असाच होतो.

उलट जोडीतल्या अडचणी वेगळ्या. श्वेत क्लायंट पहिल्याच भेटीत 'तुम्ही शिकाऊ आहात ना, तुमचे वरिष्ठ कोण?' असं विचारतो. हा प्रश्न कुठल्याही इंटर्नला येतो, त्यामुळे वंश आहे की नाही हे कळत नाही, आणि ते न कळणं हेच दमवणारं असतं. कृष्णवर्णीय क्लायंट असेल तर दुसरं टोक : 'तुला सांगायला नको, तुला ठाऊकच आहे.' इथे विद्यार्थी मान डोलावून पुढे गेला तर माहिती हुकते. 'मला अंदाज आहे, पण तुमच्या बाबतीत ते कसं घडलं ते तुमच्याच शब्दांत ऐकायचंय' असं विचारण्याचा सराव करून घ्यावा लागतो. श्वेत सुपरवायझरला हा क्षण रेकॉर्डिंगमध्ये अनेकदा दिसतच नाही.

मानसशास्त्रज्ञ जॅनेट हेल्म्स यांची मांडणी इथे उपयोगी पडते. वंशाबद्दलची जाण सुपरवायझरपेक्षा विद्यार्थ्याची पुढची असेल, तर नातं मागे ओढणारं होतं, कारण सत्ता कमी जाण असलेल्याच्या हातात असते. विभागाने सुपरवायझर नेमताना हा विचार करावा. 'आमच्याकडे एकच कृष्णवर्णीय प्राध्यापिका आहेत, त्यांच्याकडे पाठवू' हा तोडगा नव्हे. अमादो पडिया यांनी १९९४मध्ये याला सांस्कृतिक कर म्हटलं : त्या एकट्या बाईंवर सगळ्या विद्यार्थ्यांचा आणि सगळ्या समित्यांचा भार.

---

काठावरचा

साइटबद्दल, म्हणजे इंटर्नशिप जिथे होते त्या संस्थेबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

हिशेब आधी. इंटर्नशिपचे ६०० तास दोन सत्रांत, म्हणजे साधारण ३० आठवड्यांत, पसरले तर आठवड्याला २० तास, त्यातले ८ प्रत्यक्ष. बहुतेक जागा बिनपगारी. दिवसा नोकरी करणाऱ्याला संध्याकाळी चालणारी साइट लागते आणि त्या थोड्या. ज्यांना घरून आर्थिक पाठबळ नाही, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत हे प्रमाण मोठं आहे, ते मिळेल ती साइट घेतात. तिथेच वाईट सुपरव्हिजनची शक्यता वाढते, आणि साइट सोडणंही परवडत नाही.

कर्जाचं गणितही बदललं आहे. २०२५च्या कायद्याने ग्रॅड प्लस (पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं केंद्रीय) कर्ज १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं. आता साध्या मास्टर्ससाठी केंद्रीय कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० डॉलरपर्यंत. इंटर्नशिपच्या वर्षात घरभाडं ज्या कर्जातून जायचं ते हेच होतं. प्रवेश घेताना पहिल्या वर्षाची फी बघू नका, बिनपगारी वर्षाचा खर्च आधी मांडा.

साइटवर काय बिघडतं :

क्लायंटवाटप. 'तुझं आणि त्यांचं जमेल' म्हणत सगळे कृष्णवर्णीय क्लायंट, शिवाय न्यायालयाने पाठवलेले सगळे, एकाच इंटर्नकडे. असे क्लायंट नाखुशीने येतात, भेटी जास्त चुकवतात, आणि २४० तास भरता भरत नाहीत. शिवाय चिंता, जोडप्यांचं काम, मुलांचं काम अशी विविधता हुकते. पहिल्या महिन्याअखेर वाटपाचा तक्ता मागून इतर इंटर्नशी ताडून बघावा.

क्लायंटने वंशद्वेषी शब्द वापरणं. हे होणार हे गृहीत धरून पहिल्या आठवड्यातच साइट सुपरवायझरशी ठरवून घ्या : भेट कोणत्या टप्प्यावर थांबवायची, खोलीबाहेर कोणाला बोलवायचं, क्लायंट बदलला तर तास कसे भरून निघतील. खोलीत एकच वाक्य पुरतं : 'तो शब्द इथे वापरू नका. तुम्ही ज्या रागाबद्दल बोलत होता तिकडे परत येऊ या.' सुपरवायझरशी बोलणं त्याच दिवशी. नोंदीत क्लायंटचं विधान उपचाराशी संबंधित असेल तरच, जसंच्या तसं. स्वतःची प्रतिक्रिया सुपरव्हिजनमध्ये, नोंदीत नको.

घरभेटी. घरी जाऊन समुपदेशन असलेल्या साइट इंटर्नना अनोळखी, दूरच्या भागांत पाठवतात. संध्याकाळी अनोळखी दारावर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला शेजारी कसं बघतील हे वेगळं सांगायला नको. संस्थेचं ओळखपत्र गळ्यात, क्लायंटला आधी फोन, उजेड असतानाच्या भेटी, आणि पोचल्यावर-निघाल्यावर साइटला संदेश. हे नियम सगळ्या इंटर्नसाठी करा, म्हणजे एकट्याला सवलत मागावी लागत नाही.

आणि तासांची सही दर आठवड्याला घ्या. साइट मधेच सोडावी लागली आणि सुपरवायझरने सही नाकारली, तर केलेले तास सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

---

सह्यवासी

वाचताना आपल्याकडची विद्यापीठं आठवतात. जातीवरून 'ॲटिट्यूड' ठरवणं, तोंडी परीक्षेत गुण कापणं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हा धागा तिकडे न्यावा का?

---

पिंपळपान

सह्यवासी, नातं खरं आहे आणि जुनं आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉय यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. पण आपल्याकडच्या समुपदेशन शिक्षणाची चौकट वेगळी आहे, त्यामुळे मुद्दे वेगळे निघतील. तुम्ही वेगळा धागा काढलात तर तिथे नक्की लिहीन. इथे अमेरिकेपुरतंच राहू.

तक्रार करायची झाली तर क्रम काय, हे तळटीप यांनी सांगावं.

---

तळटीप

क्रमापेक्षा नोंद आधी. घटनेच्या दिवशीच : तारीख, जागा, कोण हजर, बोललेले शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय उत्तर दिलं, पुढे काय परिणाम झाला. क्लायंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको, आणि क्लायंटचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून स्वतःकडे ठेवायचं नाही. त्याने गोपनीयता मोडते आणि चांगली बाजू बुडते. ही नोंद विद्यापीठाच्या ईमेलवर ठेवू नका. नाव कमी झालं की खातं बंद होतं.

मग फाइल मागवा. फेर्पा कायद्याने (१९७४) स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क आहे आणि विद्यापीठाला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. शिक्षकाने फक्त स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेल्या आणि कोणालाही न दाखवलेल्या टिपणांना ते लागू नाही. समितीत फिरलेल्या टिपणांना आहे.

दाद मागायच्या वाटा वेगवेगळ्या आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. गुणांविरुद्धचं अपील विभागाच्या हँडबुकप्रमाणे, मुदत बहुधा खूप छोटी. वंशभेदाची तक्रार विद्यापीठाच्या समानता कार्यालयात. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली, घटनेपासून १८० दिवसांत. आधी विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया वापरली असेल तर ती संपल्यापासून ६० दिवसांत मुदतमाफी मागता येते. मार्च २०२५मध्ये या कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा तिथून झटपट निकालाची आशा धरू नये. केक्रेप एकट्या विद्यार्थ्याचा वाद सोडवत नाही. निकष मोडले जातात एवढीच तक्रार घेते.

न्यायालयाचं म्हणाल तर होरोविट्झ खटल्यात (१९७८) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक कारणावरून काढताना औपचारिक सुनावणी आवश्यक नाही असं ठरवलं. विद्यार्थिनीला आधी कळवलं होतं का आणि निर्णय काळजीपूर्वक घेतला का, एवढंच पाहिलं. शिस्तभंगाच्या कारवाईत मात्र आरोप सांगणं आणि बाजू ऐकणं लागतं. म्हणून 'व्यावसायिक वर्तन' या शीर्षकाखाली कारवाई आली की पहिला लेखी प्रश्न हा : ही शैक्षणिक आहे की शिस्तीची? सरकारी विद्यापीठांत हे घटनेच्या आधाराने चालतं, खासगीत प्रामुख्याने हँडबुक. प्रवेश घेतला त्या वर्षाचं हँडबुक पीडीएफमध्ये जपून ठेवा, ते मधेच बदलतं.

---

ओवी

प्रवेशाआधी काय विचारावं तेही घालून ठेवू. गेल्या पाच वर्षांत किती कृष्णवर्णीय विद्यार्थी आले आणि किती जणांनी पदवी घेतली. रेमेडिएशन प्लॅन किती जणांना लागले आणि त्यांची वंशवार विभागणी विभाग स्वतः बघतो का. साइट विद्यार्थ्याने शोधायच्या की विभाग देतो. गटाचे १० तास कोण चालवतं. माहिती नाही असं उत्तर आलं तर विभाग मोजतच नाही, एवढं नक्की कळतं.

ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचाही (मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या) विचार करावा. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल (डरहम) आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी (ग्रीन्सबरो) इथे समुपदेशनाचं शिक्षण आहे. तिथे एकटेपणाचा प्रश्न बराच कमी होतो. साइट मात्र तिथेही बाहेरच्याच.

टेक्ससचा एसबी १७ कायदा १ जानेवारी २०२४पासून लागू झाला आणि सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं बंद झाली. वर्गातलं अध्यापन आणि संशोधन त्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे बहुसांस्कृतिक विषय शिकवता येतो. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गातल्याशी जोडून देणारी माणसं गेली. अशा राज्यांत आधार विद्यापीठाबाहेर शोधावा : एएमसीडी, १९६८पासूनची कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची संघटना, आणि समुपदेशकांच्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची अल्पसंख्याकांसाठीची फेलोशिप. फेलोशिपला केंद्राचा पैसा असल्याने चालू वर्षाची सूचना वाचूनच बेत करावा.

---

घाटमाथा

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, आभार. आता एक व्यावहारिक प्रश्न. त्रयी सुपरव्हिजनमध्ये दुसरी खुर्ची अनेकदा आपल्या मराठी किंवा भारतीय विद्यार्थ्याची असते. त्याने काय करावं? आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अभिप्रायच मिळत नसेल तर तो मागायचा कसा, म्हणजे वाक्य काय?

---

रेवती_एस

दुसऱ्या खुर्चीतल्याने तीन गोष्टी कराव्यात. स्वतःला मिळालेला अभिप्राय किती नेमका होता आणि सहकाऱ्याला किती, हे लिहून ठेवावं. फरक दिसला तर तिथेच विचारावं : 'माझ्या टेपवर तुम्ही तीन ठिकाणी थांबवलंत, हिच्या टेपवर एकदाही नाही, तिची जोखमीची चौकशी कशी वाटली?' आणि बाहेर आल्यावर 'तुला राग आला का?' असं विचारण्याऐवजी 'मी हे ऐकलं, तारखेसह लिहून ठेवलंय, लागलं तर सांग' असं म्हणावं. साक्षीदाराची नोंद तक्रारीच्या वेळी फार मोलाची ठरते. तिच्या वतीने न विचारता तक्रार मात्र करू नये. पदवी तिची पणाला लागलेली असते. फेलोशिप किंवा व्हिसाच्या काळजीने गप्प बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी निदान नोंद तरी ठेवावी, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

अभिप्राय मागणारी ईमेल तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जावी, कारण चौथ्यात फेरी ठरलेली आहे आणि मध्यसत्र बहुधा सात-आठव्यात. मजकूर असा :

'आपण आतापर्यंत तीन रेकॉर्डिंग पाहिली. मूल्यमापनाच्या फॉर्मवरच्या प्रत्येक बाबीत आज मी कोणत्या आकड्यावर आहे, हे पुढच्या भेटीत सांगाल का? ४च्या खाली असलेल्या बाबींसाठी रेकॉर्डिंगमधली वेळ दाखवलीत तर मी तो भाग पुन्हा पाहून येईन. ३च्या खाली काही असेल तर ते मला मध्यसत्राआधी समजणं आवश्यक आहे. भेटीनंतर मी मुद्दे लिहून पाठवीन. काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.'

भेटीनंतर त्याच संध्याकाळी मुद्दे पाठवायचे. सुपरवायझरने उत्तर दिलं नाही तरी ती ईमेल तारखेसह राहते, आणि पुढे कोणी 'आम्ही वारंवार सांगितलं होतं' म्हणालं तर काय सांगितलं होतं ते त्यात असतं. विद्यापीठाबाहेरच्या खात्यावर प्रत ठेवताना क्लायंटचा उल्लेख काढून टाकायला विसरू नका.